डेमलो संख्या : नक्षी मोडते तिथे

घाटकोपर किंवा मुलुंडहून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाशाला डोंबिवली हे गर्दीचे स्टेशन म्हणून चांगले ठाऊक असते. गणितात या स्टेशनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या आहेत, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असेल. जी. आय. पी. रेल्वेच्या काळात मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्टेशनाचे नाव कापरेकरांच्या संदर्भात 'डेमलो' असे येते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना या ठिकाणी सुचली, आणि त्यांनी त्या संख्यांना सरळ स्टेशनाचेच नाव देऊन टाकले. संख्यांना गणितज्ञांची नावे मिळतात, देवादिकांचीही मिळतात. रेल्वे स्टेशनाचे नाव मिळणे विरळाच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. अंधेरी-बोरिवलीच्या वाचकांना हे गावही परके नाही. पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत जाते. शालेय शिक्षण ठाण्याला झाले, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. तेथे १९२७ मध्ये विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. पदवी घेतल्यावर ते देवळालीला शाळाशिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. ठाणे, डोंबिवली आणि देवळाली ही तिन्ही ठिकाणे एकाच लोहमार्गावर आहेत, तेव्हा डोंबिवलीशी त्यांचा संबंध यावा यात नवल नाही.

कापरेकर म्हटले की आपल्याला ६१७४ आठवते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि हेच पुन्हा पुन्हा करीत जावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे सांगितले. या संख्येवर पुष्कळ लिहून झाले आहे. डेमलो संख्यांवर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे, आणि आमच्या मते शिक्षकाच्या दृष्टीने त्या ६१७४ पेक्षा अधिक उपयोगाच्या आहेत. ६१७४ ची करामत पाहता येते, पण ती का घडते हे शाळेतल्या साधनांनी नीट उलगडून दाखवणे कठीण जाते. डेमलो संख्यांचे तसे नाही. भागाकार येणाऱ्या मुलाला त्यांचे सगळे गुपित कळू शकते.

फळ्यावरची उतरंड

पुढील उतरंड बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी फळ्यावर मांडली असेल :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करीत नवव्या ओळीला आपण येथे पोहोचतो :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी ही संख्या आजच्या लेखाची नायिका आहे. कापरेकरांनी या उतरंडीतल्या संख्यांना 'आश्चर्यकारक डेमलो संख्या' असे नाव दिले. 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात १९३८ मध्ये त्यांचा याच नावाचा छोटा लेख प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकर आणि कापरेकर या दोघांच्या नावे डेमलो संख्यांच्या सिद्धान्तावरचा लेख आला.

हे चित्र का तयार होते ते गुणाकार उभा मांडला की दिसते. १११ ला १११ ने गुणताना १११ हीच ओळ तीन वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची. मग उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, मधल्या स्तंभात तीन, आणि पुढे पुन्हा दोन, एक. बेरीज म्हणजे प्रत्येक स्तंभातल्या एकांची मोजदाद. नऊ ओळींचा गुणाकार असेल तर मधल्या स्तंभात नऊ एक येतात.

ही सतरा अंकी संख्या आपल्या पद्धतीने लिहायची तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. लाख-कोटींत ती वाचताना जीभ अडखळते. पण 'लीलावती'त (इ. स. ११५०) भास्कराचार्यांनी दहाच्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत, त्यांतले सतरावे स्थान 'मध्य' आणि अठरावे 'परार्ध'. म्हणजे आपल्या संख्येची सुरुवात एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू अशी होते, आणि ती परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबते.

तिचे आणखी काही गुण पाहा. अंकांची बेरीज ८१ येते. उतरंडीच्या कोणत्याही ओळीत ही बेरीज त्या ओळीच्या क्रमांकाचा वर्ग असते, कारण उभ्या मांडणीत तेवढेच एक लिहिलेले असतात : नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक. आता आपल्या संख्येला ८१ ने भागा. भाग निःशेष जातो आणि उत्तर १५२४१५७८९९७१०४१ येते, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. हे नाव आता जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत याच रूपात चालते. पहिल्या नऊ आश्चर्यकारक डेमलो संख्यांपैकी तीनच हर्षद आहेत : १, १२३२१ आणि ही सतरा अंकी. बाकीच्या सहा का नाहीत, हा आठवी-नववीच्या वर्गाला देण्यासारखा प्रश्न आहे.

मूळ अवयवही सुबक आहेत. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यामुळे तिच्या वर्गात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

हे सगळे कागदावर करावे असे आम्ही आग्रहाने सुचवतो, आणि त्याला कारण आहे. खिशातल्या साध्या गणकयंत्रावर सतरा अंक मावत नाहीत. संगणकावरच्या नेहमीच्या तक्त्यात ही संख्या भरली तर तो पंधरा अंकच सांभाळतो आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये दाखवतो. म्हणजे उलटसुलट सारखी वाचली जाणारी संख्या तेथे उलटसुलट राहतच नाही. कागद आणि पेन्सिल मात्र अशी दगाबाजी करीत नाहीत.

मान्यखेटचे हार

ही नक्षी कापरेकरांनी प्रथम पाहिली असे नाही, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. राष्ट्रकूटांची सत्ता आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती आणि राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड. या ग्रंथातल्या गुणाकाराच्या उदाहरणांत महावीराचार्यांनी मोठ्या हौसेने असे गुणाकार निवडले आहेत की ज्यांचे उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्ही टोकांकडून सारखे दिसावे. त्यांतला एक :

१२३४५६७९ × ९ = १११११११११

आणि दुसरा :

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

दुसऱ्या उत्तराचे वर्णन एकापासून सुरू होऊन सहापर्यंत चढत जाणारी व मग त्याच क्रमाने उतरणारी संख्या, अशा अर्थाचे आहे. ती आपल्या उतरंडीची सहावी ओळ आहे, १११११ नव्हे तर १११११ च्या पुढची, सहा एकांची. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. कापरेकरांच्या अकराशे वर्षे आधी दख्खनमध्ये कोणी तरी हे अवयव पाडून, ते पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे मानले होते. 'गणितसारसंग्रह' इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासला छापला गेला. रंगाचार्यांनी त्याचे संपादन केले.

मग कापरेकरांचे वेगळेपण काय? ते व्याख्येत आहे. त्यांनी हाराच्या दिसण्याकडे न पाहता त्याच्या तुकड्यांकडे पाहिले. १२३२१ चे तीन तुकडे करा : १२, ३, २१. डाव्या आणि उजव्या तुकड्यांची बेरीज ३३, आणि मधे तोच अंक ३. १२३४३२१ घ्या : १२३ + ३२१ = ४४४, मधे ४. आपली सतरा अंकी संख्या घ्या :

१२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१
१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

दोन्ही बाजूंचे तुकडे मिळवले की एकाच अंकाची पुनरावृत्ती होणारी संख्या यावी आणि मधल्या भागात तोच अंक हवा तितक्या वेळा असावा, अशा कोणत्याही संख्येला कापरेकरांनी डेमलो संख्या म्हटले. डावा तुकडा एका अंकाने लहान असेल तर त्याच्या आधी शून्य आहे असे मानायला हरकत नाही. आता संख्या उलटसुलट सारखी असण्याची अट राहिली नाही. हारातल्या मण्यांचे रंग बदलले तरी चालतील, दोन बाजूंचा तोल राहिला पाहिजे.

हार्डी यांची कसोटी

येथे कोणीही विचारील की हे गणित आहे, की नुसती गंमत? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही, कारण तो कापरेकरांना आयुष्यभर ऐकावा लागला. त्यांच्याकडे पदव्युत्तर शिक्षण नव्हते, विद्यापीठातली जागा नव्हती. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम किरकोळ मानले. बरेचसे लेखन त्यांनी स्वतःच पुस्तिकांच्या रूपाने छापले. डेमलो संख्यांवरची पुस्तिका १९४८ मध्ये देवळालीहूनच निघाली. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मार्च १९७५ च्या अंकात आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते.

हरकत घेणाऱ्यांच्या बाजूला मोठे नाव होते. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजनांना ओळखले, त्यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या छोट्या पुस्तकात अशाच एका अंकांच्या गमतीचे उदाहरण घेतले आहे. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत असतात : ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. हे कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला यात काही सापडत नाही, असे हार्डी यांचे मत. त्यांचे कारण विचार करण्यासारखे आहे. अशी विधाने फार सुटी असतात. त्यांतून पुढे कोठे जाता येत नाही, त्यांचे सामान्यीकरण होत नाही. (हार्डी यांच्या या दोन संख्यासुद्धा वाटतात तितक्या सुट्या नाहीत. मधे ९ घालून पाहा : ८७९१२ = ४ × २१९७८ आणि ९८९०१ = ९ × १०९८९. आणखी नऊ घातले तरी चालतात.)

कसोटी योग्य आहे. तीच आपण डेमलो संख्यांना लावून पाहू. फळ्यावरच्या उतरंडीत नऊ ओळींनंतर काय होते?

दहावी ओळ

वर्गात ही उतरंड लिहिणारे बहुतेक जण नवव्या ओळीला थांबतात. मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. आमचे म्हणणे असे की खरा तास येथून सुरू व्हावा. दहा एकांचा वर्ग असा :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडचा ८ नाहीसा झाला, मधे दोन शून्ये आली, आणि संख्या उलटसुलट सारखी राहिली नाही. हे हातच्याचे काम आहे. मधल्या स्तंभात आता दहा एक आहेत. तेथे ० लिहून हातचा १. त्याच्या डावीकडच्या स्तंभात नऊ होते, हातच्यासह दहा. पुन्हा ० आणि हातचा १. पुढच्या स्तंभातले आठ हातच्यामुळे नऊ झाले. तेथे हातचा संपला. म्हणजे ८ कोठे गेला नाही, तो ९ च्या वेषात आहे.

कापरेकरांच्या रीतीने तीन तुकडे करायला जावे तर जमत नाही. मधोमध ० आहे, आणि दोन बाजूंचे नऊ-नऊ अंकी तुकडे मिळवले तर बेरीज दहा अंकी येते. पण दोनच तुकडे केले तर? उजवीकडून दहा अंक मोजून रेघ मारा :

१२३४५६७९० | ०९८७६५४३२१
१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

बेरीज पुन्हा एकाच अंकाची, आणि शिवाय ती आपली मूळ संख्याच आहे! नक्षी डोळ्यांना मोडलेली दिसते, तोल कायम आहे. अकराव्या ओळीत तर तीन तुकडेही पुन्हा जमतात :

१२३४५६७९०१ | २ | ०९८७६५४३२१
१२३४५६७९०१ + ०९८७६५४३२१ = २२२२२२२२२२

बाराव्या ओळीत १२३४५६७९०१२ | ३ | २०९८७६५४३२१, आणि दोन बाजूंची बेरीज अकरा वेळा ३. एक, दोन, तीन हे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याच्या लक्षात येईल की हे ओळीच्या क्रमांकाला ९ ने भागून उरणारे आकडे आहेत.

याचे कारण शोधायला भागाकारापलीकडे काही लागत नाही. १११ चेच उदाहरण घेऊ. १११ ला ९ ने भागले तर भागाकार १२ आणि बाकी ३, म्हणजे १११ = ९ × १२ + ३. आता दोन्ही बाजूंना १११ ने गुणा :

१११ × १११ = ९९९ × १२ + ३३३

९९९ म्हणजे १००० वजा १. तेव्हा उजवी बाजू झाली १२००० + (३३३ − १२), म्हणजे १२००० + ३२१. वर्गाचा डावा तुकडा १२ हा ९ ने भागल्यावरचा भागाकारच आहे. उजवा तुकडा म्हणजे ३३३ मधून तोच भागाकार वजा केलेला. मग दोन्ही तुकडे मिळवले की ३३३ येणारच. आणि हा ३ म्हणजे १११ ला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी.

या युक्तिवादात १११ च्या जागी कितीही एकांची माळ घातली तरी अक्षरही बदलावे लागत नाही. बाकी शून्य येते तेव्हा, म्हणजे नऊ, अठरा, सत्तावीस एक असताना, भागाकार एकाने कमी करून बाकी ९ धरायची, इतकीच काळजी घ्यावी लागते. नाही तर उजवा तुकडा ऋण होईल. आपल्या सतरा अंकी संख्येत हेच घडले आहे. १११११११११ ला ९ ने भागल्यावर १२३४५६७९ येतात, पण डाव्या तुकड्यात आपल्याला एक कमी, १२३४५६७८ दिसतात.

आठ गळण्याचे कोडेही येथेच सुटते. एकांच्या माळेला ९ ने भागत जा. ११ मध्ये ९ एकदा, बाकी २. २१ मध्ये दोनदा, बाकी ३. ३१ मध्ये तीनदा, बाकी ४. असे ७१ मध्ये सात वेळा, बाकी ८. पुढचा भाज्य ८१. त्यात ९ आठ वेळा नव्हे, नऊ वेळा जातो आणि बाकी उरत नाही. म्हणून सातानंतर एकदम नऊ, मग शून्य, आणि पुन्हा एक, दोन, तीन. महावीराचार्यांच्या १२३४५६७९ × ९ या हारात आठ का नाही, तेही याच पायरीवर कळते.

हार्डी यांच्या कसोटीला डेमलो संख्या उतरतात की नाही, हे वाचकांनी ठरवावे. आमचे मत त्या उतरतात असे आहे. नऊ ओळींपुरता चमत्कार वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात सर्व ओळींना लागू असणारा एक नियम आहे. फक्त तो दिसावा म्हणून पाहण्याची जागा बदलावी लागते.

दोन कल्पनांची गाठ

दहाव्या ओळीकडे पुन्हा जाऊ, कारण तेथे एक गोष्ट अर्धवट राहिली. ११११११११११ च्या वर्गाचे दोन तुकडे मिळवल्यावर ११११११११११ हीच संख्या परत आली. असा गुण असणाऱ्या संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. म्हणजे नवव्या ओळीपर्यंतची सुबक नक्षी जेथे मोडते, नेमक्या त्याच ठिकाणी एकांची माळ कापरेकर संख्या होते. हे वरच्या युक्तिवादातून लगेच कळते : तुकड्यांची बेरीज म्हणजे माळ गुणिले बाकी. बाकी १ असेल तर बेरीज माळेइतकीच. म्हणून दहा, एकोणीस, अठ्ठावीस एकांच्या माळा या सर्वच कापरेकर संख्या आहेत.

कापरेकर संख्या जोडीजोडीने येतात, हेही मुलांना शोधू द्यावे. ४५ आणि ५५ मिळून १००. २९७ आणि ७०३ मिळून १०००. २२२३ आणि ७७७७ मिळून १००००. शेवटच्या जोडीचे वर्ग करून पाहा. ४९४१७२९ आणि ६०४८१७२९. दोन्हींचा उजवा तुकडा १७२९, रामानुजन आणि हार्डी यांच्या टॅक्सीचा क्रमांक! हा मात्र निव्वळ योगायोग. यातून आम्ही काही सिद्ध करू पाहत नाही. दोन्ही वर्गांचे शेवटचे चार अंक सारखे असणे हा मात्र योगायोग नाही, बेरीज १०००० असल्याचा तो परिणाम आहे.

या संख्यांचा पूर्ण छडा लागायला बराच काळ जावा लागला. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी दाखवले की कापरेकर संख्या ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या अवयवांशी एकास एक जोडलेल्या असतात, ९९९...९ चे परस्परांत सामाईक अवयव नसलेले दोन भाग ज्या ज्या रीतीने करता येतात, त्या प्रत्येक रीतीतून एक कापरेकर संख्या मिळते. शाळामास्तरांच्या वहीतला खेळ अवयव पाडण्याच्या मूलभूत प्रश्नापाशी जाऊन पोहोचला.

एक हरकत अजून उरते. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाने मोजतो; हे सगळे त्या दहाचे खेळ नव्हेत का? तर आठाने मोजणाऱ्यांच्या पद्धतीत पाहू. तेथे ८ आणि ९ हे अंकच नाहीत. तेथेही सात एकांच्या माळेचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो, आठव्या ओळीला हातचा येतो, आणि युक्तिवादातल्या ९ ची जागा ७ घेतो. पद्धत बदलली तर नक्षी मोडण्याची जागा बदलते, नियम तोच राहतो.

दोनाने मोजायचे ठरवले तर दुसऱ्याच ओळीत हातचा येतो : ११ चा वर्ग १००१ (आपल्या भाषेत ३ चा वर्ग ९). तुकडे करा, १० आणि ०१, बेरीज ११. त्या पद्धतीत एकांची प्रत्येक माळच कापरेकर संख्या ठरते. आणि या द्विमान माळा गणिताला फार जुन्या काळापासून परिचित आहेत. दोनच्या एखाद्या घातातून १ वजा केला की अशी माळ मिळते : ३, ७, १५, ३१. त्यांतल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, तोपर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या अशीच आहे. द्विमान पद्धतीत ती म्हणजे १३,६२,७९,८४१ एकांची माळ, आणि आपल्या नेहमीच्या अंकांत लिहायची तर चार कोटींहून जास्त अंक लागतात.

दशमान माळांत मूळ संख्या फारच विरळ आहेत. एकांची संख्या संयुक्त असेल तर माळही संयुक्त असते (सहा एकांची माळ म्हणजे १११ × १००१), त्यामुळे पुष्कळशा माळा आधीच बाद होतात. दोन, एकोणीस, तेवीस आणि तीनशे सतरा एकांच्या माळा मूळ आहेत. त्यांच्यानंतरची १०३१ एकांची माळ मूळ असल्याचे ह्यू विल्यम्स आणि हार्वे डुब्नर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले. देवळालीला कापरेकरांचे निधन झाले तेही याच वर्षी. अशा माळा पुढे अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे दशमान पद्धतीत सिद्ध झालेले नाही, आणि द्विमान पद्धतीतही नाही.